अडकित्ता

“बाबा, मी नटक्रॅकरमध्ये आहे!” असं ओरडत आमची कन्या डिसेंबरातल्या एका संध्याकाळी घरात शिरली, तेव्हा मी नुकताच ठाण्याच्या शाखेतून परत आलो होतो आणि डाव्या पायातला बूट काढून उजव्याकडे वळत होतो. दोन्ही बूट निघेपर्यंत डोंबिवलीकराला कुणी बातमी सांगू नये, असा आमच्या घरात नियम आहे. तो कन्येला लागू नाही.

“कशामध्ये आहेस?” स्वयंपाकघरातून आईनं विचारलं.

“नटक्रॅकर! सोसायटीच्या ख्रिसमसच्या कार्यक्रमात. मी क्लारा आहे!”

“नट म्हणजे आपला नाटकातला नट ना?” आई पदराला हात पुसत बाहेर आली. “आणि क्रॅक कोण?”

“क्रॅक नाही हो आई, क्रॅकर,” आमच्या हिनं खुलासा केला. “क्रॅकर म्हणजे फटाका.”

“म्हणजे नटाला फटाके लावतात? अगं बाई! इतकं वाईट काम करतो?”

घरात इंग्रजी शब्द अडला की सगळे माझ्याकडे बघतात. ज्या माणसानं बावीस वर्षं बँकेची इंग्रजी परिपत्रकं वाचली त्याला इंग्रजी येत असणारच, असा त्यांचा समज आहे. परिपत्रकं वाचून इंग्रजी येत नाही, असलेलं जातं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. तेव्हा मी ऐटीत म्हणालो, “अगं, नट म्हणजे कठीण कवचाचं फळ. ते फोडायचं हत्यार म्हणजे नटक्रॅकर. साध्या मराठीत सांगायचं तर अडकित्ता.”

आणि घर एकदम गप्प झालं.

खिडकीजवळच्या खुर्चीत आप्पा पेपर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं. आधीचं वाचून झालेलं नव्हतं, हे मला दिसत होतं. आई काही न बोलता आत गेली आणि भांडी जरुरीपेक्षा जोरात वाजली. ‘अडकित्ता’ हा शब्द आमच्या घरात चार वर्षांनी उच्चारला गेला होता, आणि तो उच्चारणारा शहाणा मी होतो.

आता हे सांगायला हवं. आमचे आप्पा कुर्ल्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. पस्तीसएक वर्षं त्यांनी डोंबिवली-कुर्ला केलं आणि त्या सगळ्या वर्षांत त्यांच्या खिशात तीन वस्तू कायम असत: पास, रुमाल आणि अडकित्ता. पितळी दांड्यांचा, वर मोर असलेला. गाडीतल्या त्यांच्या कंपूला सुपारी कातरून द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. चेंगराचेंगरीत, एका हातानं वरची कडी धरून दुसऱ्या हातानं ते चार जणांची सुपारी कातरत आणि ती केसासारखी बारीक उतरे म्हणतात. सोसायटीच्या गणेशोत्सवातलं निवेदनही त्यांच्याकडेच. मंचावर जाण्याआधी एक खांड तोंडात टाकायची, अडकित्ता ‘कट्ट’ करून मिटायचा आणि माइक हातात घ्यायचा. तो ‘कट्ट’ ऐकला की बायका पोरांना दटावत, “गप्प बसा, आप्पा बोलतायत.”

चार वर्षांपूर्वी त्यांचं तोंड उघडेनासं झालं. आधी तीन बोटं, मग दोन. मग गालाच्या आत एक चट्टा निघाला. सुपारीत तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ सालीच छापून ठेवलं आहे. पण तो अहवाल आमच्या आठच्या गाडीत कुणी वाटला नव्हता. शस्त्रक्रिया झाली, जबड्याचा डावीकडचा तुकडा काढावा लागला आणि आप्पा वाचले. तब्येत आता उत्तम आहे. फक्त चेहरा जरा एका बाजूला कलला आहे, शब्द थोडे घरंगळतात आणि ते कुठं जात नाहीत. माइक तर सोडाच, खाली दूध आणायलासुद्धा मफलर गुंडाळून जातात. डोंबिवलीत. मे महिन्यात. आईनं अडकित्ता कुठंतरी ठेवून दिला. कुठं, ते कुणी विचारलं नाही.

असो. विषय नटक्रॅकरचा आहे.

क्लाराची भूमिका मिळाल्यावर कन्येनं अभ्यास सुरू केला. शाळेचा नव्हे, भूमिकेचा. म्हणजे या गोष्टीवरचे जेवढे म्हणून कार्टून चित्रपट मोबाइलवर आणि टीव्हीवर सापडले, तेवढे सहकुटुंब सहपरिवार बघणं आलं. सुदैवानं म्हणा की दुर्दैवानं, ते पुष्कळ आहेत.

मला हिशेब ठेवायची खोड असल्यामुळे मी त्यांची खतावणी मांडली. पहिली नोंद डिस्नेच्या १९४० सालच्या ‘फँटेझिया’ची. त्यात चायकोव्स्कीचं नटक्रॅकरचं संगीत आहे, पऱ्या आहेत, नाचणाऱ्या अळंब्या आहेत, मासे आहेत, फुलं आहेत. नटक्रॅकर नाही! निवेदक सुरुवातीलाच तसं प्रांजळपणे सांगून टाकतो, शिवाय हा बॅले हल्ली कुणी करत नाही अशी माहितीही देतो. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेत हा बॅले असा काही बोकाळला की आता तिकडे डिसेंबर आणि नटक्रॅकर ही जोडी आपल्याकडच्या भाद्रपद आणि गणपतीसारखी झाली आहे. भविष्य सांगणाऱ्यांचं असं होतं हे आम्हा बँकवाल्यांना ठाऊक आहे. ‘बँकेत कॉम्प्युटर आले की कामं कमी होतील’ असं आम्हालाही एकानं सांगितलं होतं.

दुसरी नोंद १९७३ सालच्या रशियन नटक्रॅकरची. अर्ध्या तासाचा, आणि त्यात संवाद जवळजवळ नाहीतच. नायिका म्हणजे घरात झाडलोट करणारी एक पोर. ती केरसुणीबरोबर नाचायला लागते आणि चित्रपट सुरू होतो. हा एकच चित्रपट आप्पांनी पेपर खाली ठेवून पाहिला. संपल्यावर म्हणाले, “बरा आहे. उगाच कुणी बोलत नाही.”

१९७९ साली जपान्यांनी केला तो बाहुल्यांचा. ‘हॅलो किटी’ नावाची ती बिनतोंडाची मांजर काढणाऱ्या सॅनरिओ कंपनीचा. बाहुली कणभर हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा कणभर हलवायची, पुन्हा एक चित्र; पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. “इतकं हळू काम करतात?” हिनं विचारलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमच्या शाखेतले दिसतात.” १९९० साली कॅनडानं एक काढला, त्यात पीटर ओटूलसारख्या मोठ्या नटानं एका म्हाताऱ्या खेळण्यातल्या शिपायाला आवाज दिला. (शेवटी या भानगडीत एक खरा नट सापडला म्हणून आईला बरं वाटलं.) आणि २००१ साली आली बार्बी. बार्बीचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. न्यूयॉर्कच्या खऱ्या नर्तकांच्या हालचाली कॉम्प्युटरनं टिपून बार्बीला नाचवलं आहे. आमच्या कन्येचा हा वेद. तो आम्ही नऊ वेळा ऐकला.

बार्बीमुळे माझ्या लक्षात एक गंमत आली. मूळ गोष्टीत मुलीचं नाव मारी, आणि क्लारा हे तिच्या बाहुलीचं नाव. पुढं १८९२ साली सेंट पीटर्सबर्गला बॅले झाला तेव्हा बाहुलीचं नाव मुलीला देऊन टाकलं. आणि २००१ साली त्या मुलीचं काम पुन्हा बाहुलीला दिलं! म्हणजे एकशेकाही वर्षं बदलीवर फिरून फाइल मूळ टेबलावर परत आली. सरकारी कामाशी इतकं साम्य असलेली परीकथा माझ्या वाचनात नाही.

आणि ते साहजिकच आहे, कारण ती लिहिणारा ई. टी. ए. हॉफमान हा बर्लिनच्या न्यायालयातला नोकरदार माणूस होता. दिवसा कोर्टाची कागदपत्रं, रात्री गोष्टी. एका मित्राच्या मारी आणि फ्रिट्झ या मुलांसाठी त्यानं ही गोष्ट रचली आणि १८१६ साली छापली. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात आधीच हळवा कोपरा असतो. मी लगेच लायब्ररीतून तिचं इंग्रजी पुस्तक आणलं.

दरम्यान आईच्या मनात या गोष्टीबद्दल गंभीर आक्षेप साठत होते. पहिला आक्षेप उंदरांबद्दल. “गणपतीचं वाहन ते. त्याला राक्षस करायचं म्हणजे काय?” मूळ गोष्टीत तर उंदरांच्या राजाला सात डोकी आणि सात मुकुट आहेत, हे मी सांगितल्यावर ती म्हणाली, “मग बार्बीत एकच कसं?” मी म्हटलं, “बँकेत झालं तेच तिकडे झालं असणार. सहा डोक्यांना स्वेच्छानिवृत्ती, आणि सातांचं काम उरलेल्या एकावर.” शेवटी २००७ सालचा टॉम अँड जेरीचा नटक्रॅकर लावला. त्यात उंदीर हा नायक आणि मांजरं दुष्ट. “हे बरोबर आहे,” आई म्हणाली आणि तेवढ्यापुरता धर्म वाचला.

दुसरा आक्षेप असा: “सात वर्षांची पोर मध्यरात्री उंदरांशी मारामाऱ्या करते. आईबाप काय करतायत?”

“झोपलेत.”

“सात वर्षांच्या पोरीचे आईबाप झोपतात कसे?” या प्रश्नाला हॉफमानकडेही उत्तर नाही.

आमच्या शाखेत वसईचा एक सहकारी आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा ख्रिस्ती, मराठी माझ्यापेक्षा चांगली. मी त्याला मोठ्या उत्साहानं विचारलं, “तुमच्या नाताळात नटक्रॅकर असतो ना रे?” तो म्हणाला, “नाताळ हा शब्द आम्ही पोर्तुगिजांकडून घेतला, पण हा सोजीर आमच्यात कुठून यायचा? आमच्याकडे गोठा असतो, बाळ येशू असतो, घरोघरी ताटं जातात. हे तुमचं डोंबिवलीतलं खूळ असेल.” म्हणजे ज्यांचा नाताळ त्यांना अडकित्त्याचा पत्ता नाही, आणि फडके रोडवर दिवाळी पहाट करणारे आम्ही लाकडी जर्मन अडकित्त्यापायी रात्री जागवतोय. सुपारीला कानडीत ‘अडके’ म्हणतात. आमचा अडकित्तासुद्धा मूळचा तिकडून आलेला. घरातली कुठलीच वस्तू घरची नसते, एवढं मला या प्रकरणात कळलं.

मग पुस्तकवाचन सुरू झालं. रोज रात्री मी इंग्रजी बघून मराठीत सांगायचो. आई भाजी निवडत ऐकायची. आप्पा पेपरामागून.

तिसऱ्या की चौथ्या रात्री मी त्या पानावर आलो. मारीला झाडाखाली नटक्रॅकर मिळतो. मोठं डोकं, मोठे दात, जांभळा डगला, पण डोळे प्रेमळ. ती त्याला छोटी छोटी फळं देते, म्हणजे त्याला तोंड फार उघडायला लागू नये. मग तिचा भाऊ फ्रिट्झ येतो आणि मुद्दाम सगळ्यांत मोठं, सगळ्यांत कठीण फळ त्याच्या तोंडात कोंबतो. आणि मग...

मी पुढची ओळ वाचली आणि थांबलो. बँकेत चुकीची नोंद दिसल्यावर थांबतो तसा. मग म्हणालो, “मग त्याचा हात मोडतो.”

“बाबा, हात बार्बीत मोडतो,” कन्या माझ्या कोपराखालून पुस्तकात डोकावत म्हणाली. तिसरीतल्या मुलांना इंग्रजी इतकं चांगलं शिकवायची काय गरज आहे, हे मला कळत नाही. “इथं तीथ लिहिलंय. थ्री... तीन दात पडले. आणि जॉ म्हणजे?”

कुणी बोललं नाही. भाजीच्या काड्या मोडायच्या थांबल्या.

“जॉ म्हणजे जबडा,” पेपरामागून आवाज आला.

“म्हणजे जबडा मोडला? तुमच्यासारखा?”

मी पोरीला गप्प करायला तोंड उघडलं, पण आप्पांनी पेपर खाली ठेवला होता. “हो,” ते म्हणाले. “फक्त माझ्या गोष्टीत फ्रिट्झ नव्हता. कोंबणारा मी आणि मोडणारा पण मीच.”

कन्येनं त्यावर नीट विचार केला. “मारी त्याला रिबिन बांधते,” ती म्हणाली.

“मला तुझी आजी मफलर बांधते,” आप्पा म्हणाले, आणि हसले. चार वर्षांत त्यांचं हसू एका बाजूला गेलंय हे मला माहीत होतं. पण ते बघायची संधी इतकी कमी मिळाली होती, की मी पुस्तकाचं पान उलटायचं विसरलो.

त्या रात्रीपासून आप्पा गोष्टीत शिरले. गोष्टीच्या आत आणखी एक गोष्ट आहे. एका राजकन्येला उंदरीण विद्रूप करते. उपाय एकच: क्राकाटुक नावाचं महाकठीण फळ. ते अशा तरुणानं दातांनी फोडायचं की ज्यानं कधी दाढी केलेली नाही आणि कधी बूट घातलेले नाहीत; मग डोळे मिटून गर राजकन्येला द्यायचा आणि न अडखळता सात पावलं मागं जायचं. फळ शोधायला पंधरा वर्षं लागतात. (“आमच्याकडे तुझ्या आत्याला स्थळ शोधायला चार लागली,” आई म्हणाली, “आणि अटी याहून जास्त होत्या.”) तरुण फळ फोडतो, राजकन्या सुंदर होते, आणि तो मागं जाताना सातव्या पावलाला उंदरिणीवर पाय पडून त्याचाच लाकडी नटक्रॅकर होतो. मग सुंदर झालेली राजकन्या त्याच्याकडे बघून तोंड फिरवते.

“आपल्याकडे सात पावलं पुढं टाकतात,” आप्पा म्हणाले. “मग फसला तरी जोडीनं फसतो.” आई काही बोलली नाही, पण त्या दिवशी त्यांच्या खिमटात तूप जरा जास्त पडलं.

इकडे सोसायटीत तालमी जोरात होत्या. नाताळचा कार्यक्रम आपण का करायचा, यावर एक सर्वसाधारण सभा झाली. पुढच्या वर्षीपासून दत्तजयंतीलाही करायचा, या तोडग्यावर ती मिटली. सांस्कृतिक सचिवांचा आग्रह होता की यात ‘अलबत्या गलबत्या’सारखी एक चेटकीण घालावी, लोकांना चेटकीण आवडते. ती मागणी नामंजूर झाली. उंदरांचे मुखवटे गणपतीतले होतेच. प्रश्न नटक्रॅकरच्या पोशाखाचा होता. ड्रेपरीवाल्याकडे मावळा होता, पोलीस होता, टिळक होते. लाल डगल्याचा जर्मन शिपाई नव्हता. शेवटी कल्याणच्या एका बँडवाल्याकडून लग्नातला कोट आणला. लाल, सोनेरी झुपके, पितळी बटणं. चित्रपटातल्या नटक्रॅकरपेक्षा आमचा पाचवीतला नटक्रॅकर जास्त शोभत होता. फक्त बाह्या गुडघ्यापर्यंत येत होत्या.

मग आवाजाचा प्रश्न आला. क्राकाटुक फुटतं तेव्हा ‘कट्ट’ असा आवाज हवा. सचिवांनी मोबाइलवरचे आवाज ऐकवले. एक दार आपटल्यासारखा, एक हाड मोडल्यासारखा. कन्या घरी येऊन आप्पांसमोर उभी राहिली. “आप्पा, अडकित्त्याचा आवाज कसा येतो?”

आप्पांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, “नाही.”

“मी काही विचारलं नाही,” आप्पा म्हणाले.

“तेच सांगतेय. नाही.”

दोन दिवस हा विषय निघाला नाही, म्हणजे घरात दुसरा विषयच नव्हता. माझी कामगिरी मध्यस्थाची. मी आक्रोड सुचवले. आईनं आक्रोड आणि खलबत्ता दिला. आवाज चटणीचा आला. तिसऱ्या दिवशी रात्री आईनं माळ्यावर चढायची शिडी मला धरायला सांगितली. जुन्या समयांच्या मागं, मुंजीतल्या सोवळ्यात गुंडाळलेला अडकित्ता निघाला. चार वर्षं माळ्यावर राहूनही त्याला गंज नव्हता. तेल कुणी आणि कधी लावलं, हे मी विचारलं नाही.

“सहा सुपाऱ्या,” आई मला म्हणाली. आप्पांना नाही, मला. “चार तालमींना, दोन कार्यक्रमाला. एका सुपारीची दोन खांडं. बारा खांडं मला परत हवीत. मोजून.”

माझ्या आयुष्यात मी लाखोंची रोकड मोजली आहे. पण कुठल्याही दिवशी कॅश जुळेल की नाही याची इतकी धास्ती मला वाटली नव्हती. तालमींची आठ खांडं रोज रात्री आईच्या हातावर पडली. ती मोजायची आणि वाटीत टाकायची. आप्पा पडद्यामागं मफलर गुंडाळून बसायचे, खुणेला ‘कट्ट’ करायचे आणि खांडं माझ्या स्वाधीन करायचे. पावती तेवढी आम्ही लिहीत नव्हतो.

२५ डिसेंबरला आवारात मांडव पडला. सगळं ठरल्याप्रमाणे झालं, म्हणजे दोन उंदीर आपसांत भांडले, एका परीला झोप लागली आणि नटक्रॅकर स्वतःच्या बाहीत पाय अडकून पडला. पण हॉफमानच्या गोष्टीत तो अडखळतोच, म्हणून लोकांना ते खरं वाटलं. मग क्राकाटुकचा प्रवेश आला. मुलानं पुठ्ठ्याचं फळ तोंडाशी नेलं, मी पडद्यामागून खूण केली, आणि माइकमधून आवाज आला.

कट्ट.

पहिल्या रांगेतले आप्पांच्या गाडीतले एक जुने स्नेही काठी आपटत ताडकन उठले. “अरे, हा तर आप्पाचा अडकित्ता!”

“बसा हो, नाटक चाललंय,” कुणीतरी म्हणालं.

“नाटक गेलं खड्ड्यात! तीस वर्षं ऐकलाय मी हा. आप्पा, कुठं लपलायस? बाहेर ये!”

आणि मांडवातले सगळे जुने लोक, ज्यांनी आपापल्या पोरांना तो आवाज ऐकून गप्प बसवलं होतं, ते हाका मारू लागले. राजकन्या, उंदीर, राजा, सगळे पडद्याकडे बघायला लागले. आप्पा उठले. मफलर सारखा केला, मग काय वाटलं कोण जाणे, तो काढून माझ्या हातात दिला आणि बाहेर गेले. माइक हातात घेऊन ते दोनच वाक्यं बोलले. शब्द नीट कळले नाहीत. मागच्या रांगेतल्या एका बाईनं आपल्या पोराला दटावल्याचं मात्र मला स्पष्ट ऐकू आलं, “गप्प बस, आप्पा बोलतायत.”

रात्री घरी आल्यावर आईनं हात पुढं केला. मी खांडं दिली. तीन.

“अकरा,” आई म्हणाली.

मी खिसे उलटेपालटे केले. कन्येची पिशवी झाडली. खाली जाऊन पडद्यामागची सतरंजी झटकली, बँडवाल्याच्या कोटाचे खिसे तपासले. त्यात एक जुनं फूल आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका निघाली. वर आलो तेव्हा आई पाटावर तशीच बसली होती, वाटी पुढ्यात घेऊन. आप्पा खिडकीपाशी होते. इतका वेळ घरात कुणी दिवासुद्धा लावला नव्हता.

मग आप्पा उठले. बंडीच्या खिशातून त्यांनी मूठ काढली आणि वाटीवर उघडली. टण्‌ असा आवाज झाला.

“तोंडात नाही घातलं,” ते म्हणाले. “नुसता वास घेतला. तिघं-चौघं जुने भेटले ना, हात खिशात गेला.”

आईनं ते खांड वाटीतून काढलं, दिव्याखाली धरून उलटसुलट बघितलं, दाताची खूण आहे का ते बघत असावी, आणि परत टाकलं.

“बारा,” ती म्हणाली. “जेवायला बसा.”

अडकित्ता आता माळ्यावर नाही. तो शोकेसमध्ये, कन्येच्या बार्बीच्या शेजारी उभा आहे. कन्येनं त्याच्या दांड्यांना केसांची लाल रिबिन बांधली आहे, त्यामुळे तो उघडत नाही. किल्ली आईकडे असते. बारा खांडांची ती वाटी देवामागच्या फळीवर आहे, आणि आई ती अधूनमधून मोजते, असा मला संशय आहे. मोजू दे. आमच्या बँकेतही तिजोरी बंद केल्यावर रोकड पुन्हा मोजायची पद्धत आहे, आणि ती कुणावर अविश्वास म्हणून नसते.

आप्पांनी पुढच्या दत्तजयंतीचं निवेदन स्वीकारलं आहे. सचिवांना त्यांनी एकच अट घातली: चेटकीण नको, एक डोक्याचा का होईना, उंदीर ठेवा.